सपाट रेघ

घरमालकीणबाई विचारतात, नोकरी कुठे.
मी सांगते, औंधला, जनावरांच्या प्रयोगशाळेत.
त्यांच्या डोळ्यांपुढे गाय येते, फार तर एखादी म्हैस.
मी तसंच राहू देते.
डबा धुऊन पालथा घालते, हात कोपरापर्यंत दोनदा.

बोपोडीच्या पुलाखाली सकाळी सहाला
यल्लव्वा धोत्रे पत्र्याचा डबा वाजवते
आणि जलपर्णीच्या काठच्या चिखलातून एकेक पाठ सुटी होते.
काळी, राखी, एक कानफाटकी.
बावीस. तिची मोजणी तिथेच थांबते,
त्यापुढे डुकरं कधी गेलीच नाहीत.

तिम्मा सुळ्यामागे फास अडकवतो.
मग ती किंकाळी, जिच्यावर आवाज चढवता येत नाही.
तिच्या आत गुडघ्यांवर बसून मी मानेतली शीर शोधते.
पाच मिलिलिटर. नाकात बोळा. बर्फाची पेटी.
यल्लव्वा म्हणते, नंबर काय घालतेस, ही रंगी.
मी नंबराशेजारी पेन्सिलीने बारीक लिहिते, रंगी.

दवाखान्यातल्या पडद्यावर रेघ सपाट झाली की
बाहेर बाकावर कुणीतरी रडायला लागतं.
आमच्याकडे उलटं.
यंत्र चाळीस फेऱ्या मोजतं,
रेघ सपाट राहिली तर सगळी धडधाकट,
भणगे सर हातमोजे काढून बडीशेप खातात.

लग्नसराईत घसा बसेतो सांगितलं,
कार्यालयातलं उरलेलं तसंच घालू नका,
अर्धा तास उकळा,
हा विषाणू मिठाला भीत नाही, धुराला भीत नाही,
डबाबंद मांसात बसून समुद्र ओलांडतो.
यल्लव्वा हसली,
माझ्या पोरांना गारढोण आणि डुकरांना ऊन-ऊन?
पण तीन विटा मांडल्या,
मोडक्या मंडपाची फळकुटं जाळली.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी
चोविसाव्या फेरीला रेघ हलली,
मग उठली,
मांजर अंग ताणून उठतं तशी, घाई न करता.
नळी उचलून पाहिली.
पेन्सिल पुसट झाली होती. वाचता येत होती.

नमुना भोपाळला गेला, शिक्का घेऊन परतला.
मग वार्ताहर, नगरसेवक, पुलावरून नाक दाबून जाणारे,
सगळ्यांचा एकच प्रश्न, माणसाला होतो का?
नाही म्हटलं की चेहरे सैल,
वही बंद.
यल्लव्वाने विचारलं, त्यांना दुखतं का?
ताप असतो, म्हटलं. आत रक्त सुटतं.
ती म्हणाली, मला कळलं होतं.
शुक्रवारी डबा वाजवला तर रंगी उठली नाही,
नुसता कान हलवला.

शुक्रवारी.
आमचं यंत्र मंगळवारी बोललं.
तेव्हाच का नाही कळवलंस, हे मी विचारलं नाही.
कळवल्यावर काय होतं
ते जेसीबी दोघींसमोर खणत होता.

चुन्याच्या गोण्या. बावीस.
भरपाईच्या अर्जात रकाना, गोठ्याचा पत्ता.
मी लिहिलं, पूल, चौथा खांब.
अर्ज दोनदा परत आला.
तिसऱ्यांदा मी स्वतः गेले आणि सही होईतो
साहेबांच्या टेबलाला टेकून उभी राहिले.

रंगी आता उणे ऐंशीत आहे, तिसऱ्या कप्प्यात.
लस आपल्याकडे अजून नाही.
रक्त आहे.

मार्गशीर्षात पहाटे मिस्ड कॉल,
परत एक,
परत एक.
बाई, मुंढव्याच्या नाल्यावर माझ्या भावजयीकडे
एक डुक्कर कालपासून नुसता कान हलवतंय.
बाकीची मी लांब बांधलीत.
चपला नाल्याच्या अलीकडेच काढल्या,
पातेलं उकळतंय.
पेटी घेऊन ये.
आणि पेन्सिल आण.